इंदूरला पळते, बाहेरगावी मात्र बूट बॅगेतच राहतात. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय 43, राहणं सुदामानगरात, दोनेक वर्षांपासून धावताय. घरी असलात की आठवड्यातून चार दिवस नेमाने, रविवारी दहा-बारा किलोमीटर. पण नोकरीपायी महिन्यातले आठ-दहा दिवस मुंबई, पुणे नाहीतर भोपाळ, आणि तिथे बूट बॅगेतून बाहेरच निघत नाहीत. परत आलं की दम लागतो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वर तुम्ही विचारलंय, ‘लोक प्रवासात धावण्याची मजा सांगतात, मला तर ती कटकट वाटते. माझ्यात शिस्त कमी आहे का? आणि अशा फिरतीत हिवाळ्यात अर्धमॅरेथॉन जमेल का?’

शिस्तीचा विषय आधी बाजूला ठेवू. जी बाई घरचं सगळं आवरून आठवड्यातून चार पहाटे बाहेर पडते, तिला शिस्त शिकवायला मी कोण? मी पेशाने फिजिओथेरपिस्ट, इंदूरचीच, आणि सकाळच्या एका गटाला पळवण्याचं कामही बरीच वर्षं करते. फिरतीच्या नोकरीतली माणसं माझ्याकडे हीच तक्रार घेऊन येतात. बहुतेकांचं दुखणं एकच असतं. घरचं धावणं ते जसंच्या तसं उचलून बाहेरगावी न्यायला बघतात. तीच वेळ, तितकेच किलोमीटर, तोच पेस, म्हणजे किलोमीटरमागे लागणारा वेळ. हॉटेलातल्या सकाळी ते बसत नाही, आणि बसत नाही म्हटल्यावर सगळंच रद्द होतं. आठ किलोमीटर जमणार नाहीत म्हणून तीनही नाहीत.

माझ्या मते ही दोन वेगळी धावणी आहेत. घरचं धावणं शरीर घडवतं. बाहेरगावचं धावणं घडलेलं शरीर सांभाळतं आणि नवं गाव दाखवतं. एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा केली की दोन्हींची मजा जाते.

आता त्या दमाचं. चार-पाच दिवस न धावल्याने तुमची कमाई बुडत नाही. दमसास खरोखर उतरायला लागतो तो साधारण दहा-बारा दिवस पूर्ण बंद पडल्यावर. मग परतल्यावर जीव का जातो? रात्रभर रेल्वेत अर्धवट झोप, दिवसभर एसीत बसणं, पाणी कमी, जेवण खारट-तेलकट, आणि त्यावर घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘राहिलेलं भरून काढायचं’ म्हणून नेहमीपेक्षा जोरात सुटणं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्ताचा पातळ भाग घटतो, तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. तुम्हाला वाटतं फिटनेस गेला, तो काही गेलेला नसतो. परतल्यावरचं पहिलं धावणं वीस-पंचवीस मिनिटांचं, बोलता बोलता होईल इतकं सावकाश ठेवा, घड्याळ घरी ठेवा. दोन दिवसांत गाडी रुळावर येते.

सांभाळायला किती लागतं, याचं उत्तर तुमच्या बाजूचं आहे. 1980च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोग केले. लोकांकडून दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज 40 मिनिटं कसून व्यायाम करून घेतला. नंतर 15 आठवडे त्यात कपात केली. काहींचे दिवस सहाचे दोनवर आणले, ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता टिकली. दुसऱ्या प्रयोगात दिवस तेवढेच ठेवून 40 मिनिटांची 13 केली, तरी ती टिकली. फक्त लांब पल्ल्याचा चिवटपणा थोडा घटला. पण जेव्हा जोर कमी केला, म्हणजे दिवस आणि मिनिटं तीच ठेवून व्यायाम हलका केला, तेव्हा मात्र ती क्षमता खाली आली. माझी फिरतीची सगळी पद्धत यावर उभी आहे. बाहेरगावी दिवस कमी चालतील, वेळ कमी चालेल, मात्र थोडासा जोर मधे हवा.

म्हणून बाहेरगावचं माझं माप किलोमीटरचं नसतं, मिनिटांचं असतं. अर्धा तास. पहिली पाच-सात मिनिटं भराभर चालणं, कारण प्रवासात बसून बसून पोटऱ्या आणि कंबर आखडलेली असते. मग पंधरा मिनिटं निवांत, पूर्ण वाक्य बोलता येईल अशा गतीने. त्यानंतर एक मिनिट जोरात, एक मिनिट हळू, असं चार वेळा. संपलं. चार दिवसांच्या दौऱ्यात हे दोनदा झालं तरी पुरे, आणि एकदाच झालं तरी काही बिघडत नाही. परतीचा रस्ता चुकू नये म्हणून साधा उपाय: एकाच सरळ रस्त्याने जायचं, अर्धा वेळ संपला की तिथूनच मागे फिरायचं. नव्या गावात गोल फेरी मारायच्या फंदात पहिल्या दिवशी पडू नका.

हे झालं हिशेबाचं. पण तुम्ही ‘कटकट’ म्हणालात, तिचा इलाज हिशेबात नाही, म्हणून थोडं मजेबद्दल बोलते.

घरच्या धावण्याची मजा पुनरावृत्तीची आहे. माझा नेहमीचा रस्ता रेसिडेन्सी भागातला, जुन्या मोठ्या झाडांखालचा. तुम्हाला इंदूरच्या लालबाग राजवाड्याचा परिसर जवळ पडत असेल. तोच रस्ता, तेच वळण, तोच हलकासा चढ. त्या चढावर माझा श्वास कितव्या झाडापाशी वाढतो हे मला ठाऊक आहे, आणि एखाद्या दिवशी तो दोन झाडं आधीच वाढला तर रात्री झोप नीट झाली नव्हती किंवा ताप अंगात आहे हे मी घड्याळ न बघता ओळखते. नव्या रस्त्यावर ही सोय नसते. शिवाय ऋतू कळतात. एप्रिल-मेमध्ये दुपार भाजून काढते, पण माळव्याची पहाट तेव्हाही धावण्याजोगी असते. डिसेंबरात पारा दहाच्या आसपास उतरतो, पहिला किलोमीटर हात बाहीत ओढून जातो आणि मग अंगात ऊब भरते. पावसाळ्यात कच्च्या रस्त्याची हौस केलीत तर काळी माती तळव्याला अशी चिकटते की शंभर पावलांत बूट दुप्पट जड होतात. काडीने खरवडून काढली तरी पुढच्या शंभर पावलांत पुन्हा तेच. त्या महिन्यांत डांबरी रस्ताच बरा. आणि शेवटी पोहे. गरम पोहे, वर जिरावन मसाला, सोबत जिलेबी. रविवारच्या लाँग रनला आमचा अर्धा गट कशासाठी येतो, हे मी जाहीर बोलत नाही.

बाहेरगावच्या धावण्याची मजा याच्या उलट आहे. तिथे काहीच ओळखीचं नसतं आणि तुम्हालाही कुणी ओळखत नाही. गाव अजून तयार व्हायचं असतं. कामासाठी गेलेल्या माणसाला त्या गावाचं जे दिसतं ते स्टेशन, टॅक्सी, मीटिंगची खोली आणि हॉटेलचं छत. अर्ध्या तासाच्या पळण्यात त्याहून जास्त दिसतं. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या कठड्याला लागून साडेतीन किलोमीटरच्या आसपास सलग रस्ता आहे, मधे एकही गल्ली कापावी लागत नाही. डाव्या-उजव्या बाजूला धावणारे, योग करणारे, नुसते समुद्राकडे बघत बसलेले आजोबा. दादरला उतरणार असाल तर शिवाजी पार्कचा कट्टा आहे, एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर, आणि तिथे सकाळी मराठीतच गप्पा ऐकू येतात. पुण्यात कोथरूड-एरंडवण्याच्या बाजूला मुक्काम असेल तर वेताळ टेकडी सोडू नका. चढ आहे, पाय पडेल ती जमीन खडबडीत आहे, पेस विसरून जायचा, पण मोर दिसतात. भोपाळला मोठ्या तलावाच्या काठचा रस्ता हिवाळ्याच्या सकाळी धुक्यात असतो. भोपाळ तुमच्या वाट्याला आलंय यात तुम्ही नशीबवान आहात, खरंच सांगते.

माझं माहेर ग्वाल्हेरचं, तिथल्या लष्कर नावाच्या भागातलं. तिथे सकाळी बूट घालून निघाले की आत्या अजून विचारते, ‘कुणी मागे लागलंय का गं?’ किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याकडून वर जाणारा रस्ता चांगला उभा आहे. दोन्ही बाजूंच्या कड्यात जैन मूर्ती कोरल्यात, बहुतेक पंधराव्या शतकातल्या, तोमरांच्या काळातल्या. लहानपणी सहलीत त्या बघितल्याच होत्या, पण धापा टाकत चढताना मान वर करून बघितल्यावर त्यांची उंची समजली. गाडीतून ती समजत नाही.

नव्या गावात कुठे पळायचं, हे शोधायची माझी एक खात्रीची रीत आहे. रात्री हॉटेलात पोचलात की रिसेप्शनवर ‘इथे धावायला जागा आहे का’ असं विचारू नका. ते तुम्हाला जिमची वेळ सांगतील. दारावरच्या वॉचमनला विचारा, ‘सकाळी इथली माणसं फिरायला कुठे जातात?’ तो सांगेल ती बाग, तो तलाव, ती शाळेमागची गल्ली. जिथे गावचे म्हातारे आणि बायका फिरायला येतात तिथे रस्ता बरा असतो, उजेड असतो, कुत्री माणसांना सरावलेली असतात आणि बाहेर चहाची टपरी हमखास असते. मोबाइलवरच्या नकाशात हे सगळं एका हिरव्या चौकोनात दडलेलं असतं.

बाईमाणूस म्हणून काही गोष्टी जास्त सांगते. इंदूरला तुम्ही सव्वापाचला अंधारात निघत असाल. रस्ता माहितीचा आहे, गटातली माणसं आहेत, ठीक. अनोळखी गावात उजाडल्याशिवाय निघू नका, मग धावणं वीस मिनिटांचं झालं तरी चालेल. कानात काही घालू नका. हॉटेलच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा, घरच्या कुणाला लोकेशन पाठवून ठेवा. फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळा. सकाळ जमतच नसेल तर संध्याकाळ बघा; मरीन ड्राइव्ह रात्री आठलाही भरलेला असतो, आणि मीटिंगांच्या दिवसानंतर समुद्राचा वारा सकाळपेक्षाही गोड लागतो.

कुत्र्यांची भीती पुष्कळांना असते, तुम्हीही ओझरता उल्लेख केलाय. कुत्रा अंगावर धावला की पाय आपोआप वेग घेतात, आणि तेच नको असतं. पळणं थांबवा, सावकाश चाला, डोळ्याला डोळा लावू नका, त्याच्याकडे एकदम पाठ करू नका. त्याची हद्द संपेपर्यंत चालतच जा. दात लागलाच, अगदी ओरखडा असला तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. परगावी आहे, घरी जाऊन बघू, असं यात कधीही नाही.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. पहिलं, हवा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हवा बहुतेक वर्षभर कोरडी. मुंबईत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं. त्यामुळे इंदूरच्या पेसने मुंबईत पळालात तर ठोके बरेच वर जातात. तिथे श्वास सांगेल ती गती. ऑक्टोबरात किलोमीटरमागे अर्धा-पाऊण मिनिट जास्त लागलं तरी मनाला लावून घेऊ नका. नोव्हेंबरातली दिल्ली असेल आणि हवा धुरकट असेल तर बाहेर पळूच नका. हॉटेलच्या ट्रेडमिलवर वीस मिनिटं, नाहीतर जिन्याचे मजले. कधी सुट्टीत लेहला गेलात, ते साडेतीन हजार मीटरवर आहे, तर पहिले दोन दिवस धावण्याचं नावही काढू नका.

दुसरं, प्रवास कसा झाला. अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर जाऊन पहाटे मुंबई सेंट्रलला उतरलात आणि झोप चारच तास झाली, तर त्या सकाळी धावणं हा हट्ट आहे. अंघोळ करा, खा, कामाला लागा, जमल्यास संध्याकाळी चाला. धावणं दुसऱ्या दिवशी. मी हे इतकं ठासून सांगते कारण माझ्याकडे पोटरी धरून येणाऱ्या फिरतीवाल्यांत ‘उतरलो आणि तसाच पळालो’ म्हणणारे बरेच असतात.

तिसरं, पायाखालची जमीन. घरी तुम्ही ठरावीक डांबरावर पळता. हॉटेलाभोवती काँक्रीट असेल, पेव्हर ब्लॉक असतील, रस्ता कडेला उतरता असेल. उतरत्या कडेवर एकच घोटा सतत आत वळतो आणि गुडघ्याच्या बाहेरची बाजू कुरकुरते. जाताना ज्या कडेने गेलात त्याच कडेने परत या, म्हणजे उतार एकदा एका पायाला आणि एकदा दुसऱ्याला लागतो. मात्र परतताना गाड्या पाठीमागून येतात, तेव्हा रहदारी असेल तर हे फक्त फुटपाथवर किंवा बागेत.

सामानाचं फार नसतं. बूट बॅगेत भरू नका, पायात घालूनच प्रवास करा. जागाही वाचते आणि सकाळी शोधाशोधही होत नाही. सुती मोजे नकोत, फोड येतात. पावसात बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, सकाळपर्यंत घालण्याइतके सुकतात. हेअर ड्रायर लावू नका, तळ सुटतो. कपड्यांचा एकच जोड पुरतो, अंघोळीतच धुऊन टाकायचा.

राहता राहिली अर्धमॅरेथॉन. 21.1 किलोमीटर. आज तुम्ही रविवारी दहा-बारा सहज पळताय आणि हाताशी तीन-साडेतीन महिने आहेत असं धरलं, तर जमेल. दौरे नोकरीवाल्यांचे बहुधा सोमवार ते शुक्रवार असतात, म्हणून तुमचा कणा म्हणजे इंदूरचा रविवार. तो दर दोन आठवड्यांनी दीड-दोन किलोमीटरने वाढवत सोळा-सतरापर्यंत न्या; शर्यतीआधी पूर्ण एकवीस पळून बघायची गरज नाही. घरच्या आठवड्यात बाकी तीन दिवस: दोन सावकाश, एक जोराचा. फिरतीच्या आठवड्यात मी वर सांगितलेला अर्धा तास दोनदा, आणि रविवारी घरी लाँग रन, मात्र परतल्याला एक रात्र पूर्ण झोप झालेली हवी. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी पोचणार असाल तर रविवार ठीक. शनिवारी रात्रीची गाडी असेल तर रविवारी आराम करा आणि लाँग रन सोमवारी-मंगळवारी पहाटे, दोनेक किलोमीटर कमी करून.

एखाद्या महिन्यात लागोपाठ दोन रविवार बाहेरच गेले तर वाढवणं थांबवा. बारावर होतात तर परतल्यावर दहा पळा, पुढच्या रविवारी बारा, मग चौदा. थेट चौदावर उडी नको, कारण दमसास चटकन परत येतो पण पोटरीच्या स्नायूंना आणि टाचेच्या दोरीसारख्या कंडरेला वेळ लागतो, आणि नोव्हेंबरात टाच धरली तर डिसेंबर माझ्यासारखीच्या टेबलावर जातो. धावताना छातीत दडपण, चक्कर, किंवा तीन दिवसांनंतरही एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं हाडातलं दुखणं असेल, तर मात्र माझं उत्तर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.